वरचे दहा हजार

“चुकून माणूस कमी देतो, जास्त कदी देत न्हाय,” असं गोजाबाई एकदा बँकेतल्या साहेबालाच म्हणाल्या होत्या. साहेबाने चष्मा काढून त्यांच्याकडे नीट बघितलं आणि चष्मा पुन्हा लावला.

बँकेपर्यंत जायची वेळ कशी आली, ते आधी सांगायला हवं.

अक्कलकोट रोडवर ईश्वरप्पांचा कडक भाकरीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं एक लांब शेड, अकरा चुली, अकरा बायका आणि दारापाशी अप्पांचं टेबल. मैंदर्गीच्या गोजाबाई एकवीस वर्षं पहिल्या चुलीवर होत्या. त्यांची भाकरी उजेडात धरली की पलीकडचा माणूस दिसतो असं बायका म्हणत. हे जरा वाढवून सांगितलेलं होतं, पण फार नाही.

एके दिवशी पुण्याहून एक मोठा व्यापारी आला. अप्पा त्याला शेड दाखवत पहिल्या चुलीपाशी थांबले आणि म्हणाले, “ह्या आमच्या सगळ्यात जुन्या. आता हात जड झालाय त्यांचा, पण घेतो चालवून.”

गोजाबाईंनी हातातली भाकरी पूर्ण थापली. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, फडक्याने दाबून कडेपर्यंत शेकली. मग हात धुतले आणि घरी गेल्या. भाकरी अर्धी टाकून उठणं त्यांच्या रक्तात नव्हतं, नोकरी टाकून उठणं मात्र होतं.

“चालवून घेतो म्हनं,” त्या रात्रभर सुनेला ऐकवत राहिल्या. “मी काय फाटकी नोट हाय?”

चार महिने ना यांनी तिकडे पाऊल टाकलं, ना अप्पांनी निरोप धाडला. मग एका सकाळी सून सुकन्या मोबाईल घेऊन धावत आली.

“आत्या, पैसं आलं! एकोणचाळीस हजार.”

“एकोणतीस म्हन.”

“एकोणचाळीस हो. तिनावर नऊ. मला काय वाचता येत न्हाय व्हय?”

गोजाबाईंना हिशोब पाठ होता. नोकरी सुटली की वर्षाला हजार ठरलेले, त्याचे एकवीस हजार. शेवटच्या महिन्याचे आठ. झाले एकोणतीस. वरचे दहा हजार कुठून आले? त्यांनी उंबऱ्यात बसून बेरीज पुन्हा एकदा केली, आणि एकदम हसल्या.

“माफी मागितलीय म्हाताऱ्यानं.”

“माफी अशी बँकेतनं येती व्हय, आत्या?”

“त्येच्या तोंडातनं निघंना, मग कुटनं यावी?”

जोतिराम, त्यांचा मुलगा, आंघोळीहून आला. त्याने केस पुसता पुसता निकाल दिला, “चुकून आलं असतील. हात लावू नको आई. आन् आजकाल चुकून पैसं टाकतो आन् परत मागतो असं करनारं चोर बी लई झाल्यात. आधी बँकेत विचार.”

म्हणून त्या बँकेत गेल्या. पैसे कारखान्याच्याच खात्यातून आलेत, एवढी साहेबाने खात्री करून दिली. मग समजावलं, “आजी, जुन्या मालकाने चुकून जास्त टाकले असतील तर ते तुमचे होत नाहीत. खर्चू नका. त्यांना कळवा. परत द्याल तेव्हा पोच घ्या.” त्यावर गोजाबाईंनी ते वाक्य ऐकवलं. ते तसं बिनबुडाचं नव्हतं. अप्पा म्हणजे चटणीच्या शेंगदाण्याचं पोतं रिकामं झाल्यावर ते झटकून खाली पडलेले दाणे वेचणारा माणूस. एकवीस वर्षांत ज्याने मिठाचा खडा जास्त जाऊ दिला नाही, तो दहा हजार चुकेल?

फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. म्हणूनच त्यांनी तो केला नाही.

आठ दिवस त्या माफी अंगावर घालून आपल्या नीलम नगरात हिंडल्या. नळावर, किराणा दुकानात, दळणाच्या रांगेत. कुणी विचारलं नाही तरी सांगितलं. घरात भाकरी थापून दारातल्या उजेडात धरून बघायला लागल्या. पण जोतिरामचं ‘चुकून’ कुठेतरी आत खुपत होतंच, दातात अडकलेल्या तिळासारखं. दिवसा जाणवायचं नाही, पडल्यावर जीभ तिथेच जायची.

नवव्या दिवशी त्यांनी ठरवलं.

“माफी ठेवून घ्यायची, पैसं परत द्यायचं. न्हायतर लोक म्हनतील, गोजाबाईचा राग दहा हजाराला गेला.”

“आत्या, माझ्या शिलाई मशीनचा तरी इचार करा की!”

“तुला मशीन घीन मी. दुसऱ्या पैशानं.”

त्या कारखान्यात शिरल्या तेव्हा अप्पा टेबलाशी होते. शेजारी त्यांची नात सृष्टी बसलेली. इंग्रजी शाळेतून शिकलेली, सहा महिन्यांपासून संगणक तीच बघत होती.

“अय्यय्यो, गोजक्का! या, बसा. चहा सांगू?”

गोजाबाई बसल्या. नोटांचं पुडकं टेबलावर ठेवलं. “अप्पा, तुमची माफी पोचली. पैसं काय मला नगंत. पोच लिवून द्या.”

“कसली माफी?” अप्पा म्हणाले. मग पुडक्याकडे बघून, “कसले पैसे?”

चुलींवरचा थापण्याचा आवाज कमी झाला. सृष्टीने संगणकात डोकं घातलं. “अज्जा, तुम्ही दुधनीच्या बाजारातून फोन केला होता ना? गोजाबाईंना एकोणतीस हजार टाक म्हणून. मी थर्टी नाइन टाकले.”

“एकोणतीस म्हणजे किती?”

“तीस आणि नऊ. थर्टी नाइन.”

“आणि एकोणचाळीस?”

“फॉर्टी नाइन.”

“एकोणपन्नास?”

“फिफ्टी… नाइन?” तिचा आवाज तळाला गेला.

अप्पा उठून उभे राहिले. “अगं, मग परवा गुरुलिंग शेंगदाणेवाल्याला एकोणसाठ सांगितले होते!”

“सिक्स्टी नाइन… गेले, अज्जा.”

“आणि तो गप्प बसलाय! सोमवारी इथंच बसून चहा पिऊन गेला!”

शेडमध्ये हसण्याचा लोट उठला. तिसऱ्या चुलीवरची बाई तर हसता हसता परातीवर आडवी झाली. “एकोण म्हंजी एक कमी, पोरी! तिसाला एक कमी!” असं चारी बाजूंनी शिकवणं चाललं. सृष्टी लाजून बोटांवर मोजत होती. हसत नव्हतं ते एकच माणूस. गोजाबाई पुडक्याकडे बघत होत्या, दहा हजार त्यांच्या समोर होते आणि आठ दिवस अंगावर घातलेलं काहीतरी भर शेडमध्ये उतरत होतं.

अप्पांचं हसू गोजाबाईंच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबलं. दाणे झटकन मोजता येतात, चेहरा वाचायला त्यांना वेळ लागला. मग ते खाली बसले, उगाच पोचेच्या पुस्तकाची पानं उलटली आणि खाकरले.

“सृष्टी, दुसऱ्यांचं असेल तसं असेल. गोजक्कांचे मी एकोणचाळीसच सांगितले होते.”

“नाही अज्जा, तुम्ही एकोणतीस—”

“एकोणचाळीस सांगितले होते.”

“पण मग मी फॉर्टी नाइन टाकले असते ना!”

बायकांना हे कळायला क्षण लागला, आणि कळल्यावर कुणी हसलं नाही.

“गप बस,” अप्पा नातीला म्हणाले. कपाळावर घाम आला होता. त्यांनी दोन बोटांनी ते पुडकं गोजाबाईंकडे सरकवलं. नोटा स्वतःपासून लांब सरकवायची बोटांना सवय नव्हती, पुडकं वाकडं गेलं, टेबलाच्या कडेला अडलं. “मीच सांगितले होते,” ते पुन्हा म्हणाले, या वेळी गोजाबाईंकडे बघून, आणि डोळे त्यांनी खाली घेतले नाहीत.

एकवीस वर्षांत या माणसाला गोजाबाईंनी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. बोलायची सवय नसल्याने ते त्याला जमलंही नव्हतं. अकरा बायकांसमोर, नातीसमोर, इतकं उघडं पडलेलं खोटं, आणि ते त्यांच्यासाठी.

आलेला चहा त्यांनी बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. कप पालथा घातला. वाकडं पुडकं सरळ करून अप्पांच्या हाताखाली सरकवलं, पदर सारखा केला, आणि अप्पा काही बोलायला तोंड उघडत होते तेवढ्यात उठून, सगळ्या बायकांच्या देखत, पोच न मागता, या वेळी खरीखुरी माफी अंगावर घालून बाहेर पडल्या.