गुऱ्हाळाच्या इंजिनाचं विमान

माझं विमान जमिनीवर उतरतं आणि पाण्यावरही उतरतं. फक्त ते अस्तित्वात नाही. ते संगणकात आहे. दिवसा मी एका फाउंड्रीत पंपांच्या साच्यांची ड्रॉइंगं काढतो आणि संध्याकाळी राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून सिम्युलेटरसाठी विमान बनवतो. सिम्युलेटर म्हणजे संगणकावर विमान चालवण्याचा खेळ. पण तो खेळणाऱ्यांसमोर त्याला खेळ म्हणू नये. ही माणसं घरात बनियनवर बसून कंट्रोल टॉवरची परवानगी मागतात.

विमान महायुद्धाच्या आधीच्या काळातलं. खाली होडीसारखं पोट, दोन्ही बाजूंना दुमडणारी चाकं, आणि पाणी उडू नये म्हणून इंजिन थेट पंखांच्या वर. बायकोनं ते एकदा निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बदक आहे. डोक्यावर टेबलफॅन ठेवलाय." मी या विमानावर बरंच वाचलं आहे, यापेक्षा अचूक वर्णन कुठं सापडलं नाही.

पोटाचा बाक जमायलाच कित्येक महिने गेले. मग राहिला आवाज. तसलं इंजिन आता परदेशातल्या संग्रहालयात असेल तर असेल. तेव्हा मला मामा आठवले.

मामांचं बिद्रीच्या बाजूला गुऱ्हाळ आहे. आसपासच्या गुऱ्हाळांनी केव्हाच विजेच्या मोटारी बसवल्या. मामांचा ऊस मात्र अजून वडिलांनी आणलेल्या डिझेल इंजिनावर गाळला जातो. ते सुरू झालं की दोन शेतं पलीकडच्या म्हशी मान वर करतात. पलीकडचं गुऱ्हाळ मामांच्या भाऊबंदाचं, मोटारीवरचं. दोघांचं भांडण पूर्वी बांधावरून होतं, ते आता इंजिनावरून आहे.

"आण्णा, भंगारवाला बी घ्यायचा न्हाय ते," भाऊबंद म्हणतो.

"लाईट गेली की तुझी मोटार मुकी," मामा म्हणतात. "माझं इंजन कुणाला इचारून चालत न्हाय."

मी धुराड्याजवळ फोन धरला आणि आवाज टिपला. आयुष्य त्या इंजिनाशेजारी गेल्यामुळं मामांना फारसं ऐकू येत नाही, आणि इतरांनाही येत नसणार असं धरून ते बोलतात. इंजिन छान लयीत आलं आणि नेमके तेव्हाच ते जाळ घालणाऱ्या गड्यावर ओरडले, "चिपाड घाल की रं! झोपलास व्हय?"

पुन्हा टिपायचं तर मामांना गप्प बसवावं लागलं असतं. ते मामींना जमलेलं नाही. मी आहे तोच आवाज घरी आणला, त्याच्या प्रती थोड्या मागंपुढं करून एकमेकींवर चढवल्या, वेग वाढवला, आणि एका सिलिंडरचं इंजिन नऊ सिलिंडरचं झालं. मामा आत राहिले. सिम्युलेटरमध्ये इंजिनाचा वेग बदलला की आवाजही बदलतो. त्यामुळं उड्डाणाच्या वेळी मामा पिंजऱ्यातल्या उंदरासारखे चिरकत, आणि विमान पाण्यावर उतरून इंजिन मंद झालं की स्वतःच्या भरदार आवाजात ओरडत.

विमान कच्च्या स्वरूपात मी शौकिनांच्या इंटरनेटवरच्या मंडळापुढं ठेवलं. नॉर्वेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, सहवैमानिक कुठली भाषा बोलतो आणि त्याची तक्रार काय आहे? मी कळवलं, मराठी बोलतो आणि इंधन मागतो. तांत्रिकदृष्ट्या हे खरंच होतं. दुसरे एक गृहस्थ मात्र खवळले. इतिहासाचा अपमान झाला म्हणाले, आणि त्यांनी एका संग्रहालयातल्या खऱ्या इंजिनाचा आवाज पाठवला. स्वच्छ, अचूक, निर्मनुष्य. मी तो बसवला.

तोवर एका लग्नात मी मामांना कच्च्या विमानाचा व्हिडिओ दाखवून बसलो होतो. फोन कानाला लावून त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला होता. एके दिवशी त्यांचा फोन आला.

"भाचं, रविवारी इमान घिऊन ये. गावात कार्यक्रम ठेवलाय."

मामांनी गावात सांगितलं होतं की आपल्या इंजिनाचा आवाज विमानाला घेतला. त्यावर भाऊबंद पारावर म्हणाला होता, "आण्णाच्या कानांसंगं डोस्कं बी गेलं." हे मामांना कुणीतरी ओरडून सांगितलं. तेव्हापासून ते पारावर बसत नव्हते. "एकदा ऐकू दे सगळ्यास्नी," ते म्हणाले, "मग बघतो कुणाचं डोस्कं गेलंय ते."

देवळाच्या मंडपात फलक लागला होता. फेटा बांधलेले मामा, मागं चार इंजिनांचं प्रवासी जेट, खाली शुभेच्छुकांचे चेहरे. त्यातल्या एकानंही माझं विमान पाहिलेलं नव्हतं, आणि फलकावर ते होतंही कुठं? अध्यक्षस्थानी दूध संस्थेचे चेअरमन. लॅपटॉपला हळदकुंकू लागलं, हार पडला, झेंडूची एक पाकळी चाकं दुमडायच्या बटणाखाली जाऊन बसली. चेअरमननी पुष्पक विमानापासून सुरुवात केली आणि तिथून एका उडीत ते मामांच्या इंजिनापर्यंत आले. मधल्या काळात विमानं काय करत होती ते त्यांनी सांगितलं नाही.

मग मी विमान सुरू केलं. पडद्यावर रंकाळा तलाव, म्हणजे सिम्युलेटरवाल्यांच्या समजुतीप्रमाणं एक निळं डबकं. विमान पाणी कापत उठलं. कर्ण्यांतून संग्रहालयाचा आवाज घुमला आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. कच्चं विमान मी आणलंच नव्हतं.

पुढच्या रांगेतून भाऊबंद म्हणाला, "पावणं, हे आण्णाचं इंजन न्हाय. हे शिलाई मशीन हाय!"

मंडप हसला. मामांना ऐकू काहीच येत नव्हतं. ते फेटा सावरत, हसऱ्या तोंडानं एकेकाकडं बघून विचारत होते, "आला का आवाज? वळखला का?" जो तो पडद्याकडं बघायला लागला. त्यांचं हसू हळूहळू उतरायला लागलं.

जुन्या आवाजाची फाईल मात्र लॅपटॉपमध्ये कुठंतरी होती. मी चेअरमनकडं वळलो. "साहेब, आणखी दोन शब्द बोलता का?"

त्यांना आजवर हे कुणीच विचारलं नसावं. ते भारावून उठले. मी सिम्युलेटर बंद केला, जुना आवाज शोधला, बसवला, पुन्हा सुरू केला. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती, आणि हे भाषण लांबावं असं मला मनापासून वाटत होतं. मी तसा भाषणांचा वैरी. चेअरमननी निराश केलं नाही. पट्टी भरली तेव्हा ते चंद्रावर पोचले होते.

विमान दुसऱ्यांदा उठलं, या वेळी धावपट्टीवरून. इंजिनाच्या गोंगाटातून काहीतरी चिरकलं.

"उंदीर शिरला व्हय रं मशिनीत?" भाऊबंदानं विचारलं. पुन्हा हशा.

मी रंकाळ्याला एक फेरी मारली, पाकळी उपसून काढली आणि चाकं आत घेतली. पाण्यावर चाकं बाहेर ठेवून उतरलं तर विमान कोलांटी खातं, आणि तेवढंच आता राहिलं होतं. पोट पाण्याला टेकलं. मी इंजिन मंद केलं. धुड, धुड, धुड. हसणारे थांबले. हा आवाज त्या मंडपातल्या प्रत्येकानं लहानपणापासून ऐकलेला होता. आणि दोन्ही कर्ण्यांतून मामा ओरडले, "चिपाड घाल की रं! झोपलास व्हय?"

मागच्या रांगेत जाळ घालणारा गडी खरोखरच झोपला होता. तो ताडकन उठला, "घातलं, घातलं आण्णा!" म्हणाला, आणि चपला न घालताच गुऱ्हाळाकडं निघाला. त्याला तिघांनी धरून बसवलं. मंडपात म्हाताऱ्या बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या.

भाऊबंद तेवढा हसला नाही. मान खाली घालून तो म्हणाला, "इंजन आण्णाचंच हाय."

मामांनी त्याचे ओठ हललेले पाहिले. "काय म्हनतोय त्यो?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. मामांनी फेटा सरळ केला आणि कानामागं हात धरला.

"असं न्हाय," ते म्हणाले. "मायकात सांग म्हनावं."

चेअरमननी दिवसभरात पहिल्यांदाच माईक सोडला.