न वाळलेलं नाव

भुतंखेतं, चकवा, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. ख्राइस्टचर्चच्या एका हॉस्पिटलमध्ये मी लॅबचं काम करते, पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. तरी हे लिहितेय, कारण मनातून जात नाही.

गोष्ट एप्रिल २०१७ची, ईस्टरच्या सुट्टीतली. इथे एप्रिल म्हणजे ऐन पानगळ. लॅबमधल्या फिओनाने मला आणि माझ्या नवऱ्याला, नितीनला, ओटॅगोतल्या एका तळ्यावर बोलावलं होतं. तिचे पूर्वज स्कॉटलंडमधल्या अशाच एका तळ्याकाठून येऊन इथे राहिले. दर ईस्टरला त्यांचं सगळं गणगोत जमतं आणि तळ्याकाठच्या छोट्या दफनभूमीतले दगड ब्रशने घासून स्वच्छ करतं.

खरं सांगते, मला फिओनाचा आधीपासूनच हेवा वाटायचा. त्या दिवशी तर नुसता जळफळाट झाला. रस्त्याला त्यांचं आडनाव, ओढ्यालाही त्यांचंच. आणि नितीन कौतुकाने तिच्या मागे मागे. "हिला सहा पिढ्यांची नावं पाठ आहेत, ऋजुता," तो मला दोनदा म्हणाला.

फिओनाने तिच्या खापरपणजीचा दगड दाखवला. त्यावर बाईंचं माहेरचं नाव, माहेरच्या आडनावासकट. नवऱ्याचा उल्लेख खाली, बारीक अक्षरांत.

"लग्नानंतरही हेच?" मी विचारलं.

"दगडावर माहेरचंच नाव घालायची आमची जुनी पद्धत," ती म्हणाली. "जन्मभर मिसेस अमुक म्हणवून घेतलं, तरी शेवटी आपलं ते आपलं, ना?"

माझं आडनाव तर गेलंच, पण नावही गेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर नितीनने अंगठीने 'ऋजुता' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मीही हसले होते. माहेरची सुलभा पासपोर्टवर कधी आलीच नाही. पुढे आईबाबा गेले आणि त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. आणि इथे शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं नाव घासूनपुसून लख्ख करत होते...

मंडळी चहाला गेली. मी मुद्दाम मागे राहिले. कुंपणापाशी एक कोरा दगड होता, कुणाचंच नाव नसलेला. बादलीतल्या तळ्याच्या पाण्यात बोट बुडवून मी त्यावर लिहिलं — सुलभा. निव्वळ जळून. दुपारचे दोन वाजले होते, स्वच्छ ऊन, वर भणाणता वारा. घासलेले दगड बघता बघता कोरडे झाले. माझी तीन अक्षरं ओलीच.

चहा पिऊन आले, तरी ओली. रुमालाने पुसली, तर रुमाल भिजला आणि अक्षरं पुन्हा तशीच. चार वाजता निघताना हात लावून पाहिला... दगड उन्हाने कोमट, अक्षरं मात्र गार. घाबरले होते, आणि खोटं कशाला बोलू, सुखावलेही होते.

पुढच्या ईस्टरला आम्ही गेलो नाही. फिओनाने तिथून फोटो पाठवला. सोबत मेसेज — 'ही तुमची लिपी आहे का? आठवडाभर पाऊस नाही, सगळा दगड कोरडा आणि एवढंच ओलं. विअर्ड. पुसून टाकू?'

मला साक्षीदार हवा होता. मी फोन नितीनपुढे धरला. त्याने चष्मा वर करून फोटो मोठा केला आणि नीट वाचलं.

"सुलभा," तो म्हणाला. "कोण गं ही?"

मी वाट पाहिली. तो परत बातम्या बघायला लागला.

पाणी वर्षभर दगडावर कसं टिकलं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. लॅबमध्ये कुणाला विचारायची छाती झाली नाही. फिओनाला मात्र मी तिथेच, नितीनच्या शेजारी बसून उत्तर पाठवलं — 'पुसू नका. ते माझं नाव आहे.'