आधी वारा, मग पाणी

माझ्या नणंदेइतकी शांतपणे घरं पाडणारी बाई अख्ख्या उस्मानपुऱ्यात सापडायची नाही. सकाळचा चहा झाला की ती पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसते आणि दुपारपर्यंत एखादी शेड, एखादा मनोरा जमीनदोस्त करून, हात धुऊन पानावर येते. लोखंडी सांगाडे किती सोसतील ते कॉम्प्युटरवर मोडून बघणं, ही तिची नोकरी. वाऱ्याचा भार ही एक केस, पाण्याचा दुसरी, माणसांचा तिसरी. मी एकदा सुचवलं, "प्रत्येकाचं उत्तर एकदाच काढायचं आणि बेरीज करायची. वेळ वाचेल." तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "वहिनी, लोखंड जागेवर आहे तोवर बेरीज. एकदा वाकलं, सरकलं, की ते वेगळंच लोखंड. मग कोण आधी आलं ते बघावं लागतं. दर वेळी पहिल्यापासून."

हे 'कोण आधी' तिनं घरभर पसरवलंय. फडताळात डबे लावताना ती सासूबाईंचा हात धरते. शहागंजात बाजाराला नेली, तर दुकानाच्या दारातच थबकून वरच्या फळ्या न्याहाळत राहते. "क्या होना, आपा?" दुकानदार विचारतो. "कुछ नहीं. वो कोने का डब्बा पहले उतारो." आणि तो मुकाट्यानं उतरवतो! तिच्या आवाजात तसं काहीतरी आहे. पाहुणेसुद्धा तिच्यासमोर सोफ्यावर जपून टेकतात.

माझ्या लेकीच्या, चिऊच्या हळदीआधी तिनं आमचीच गच्ची कॉम्प्युटरवर घेतली. मांडवाची एक बाजू पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला बांधायची होती. मी जेवायला बोलवायला गेले, तेव्हा पडद्यावर टाकी भरलेली होती, वारा सुटला होता आणि स्टँड जागचं हलत नव्हतं. मग तिनं क्रम उलटा केला. टाकी रिकामी. मांडवाचं कापड फुगलं, स्टँडचा एक पाय अलगद उचलला गेला, सरकला. त्यावर पाणी चढू लागलं, तसं ते स्टँड गुडघे मोडून बसणाऱ्या माणसासारखं सावकाश खाली येत गेलं. कसलाही आवाज नाही. खाली एक पिवळा चौकोन होता.

"हे काय गं?"

"चिऊचा पाट."

मी मांडव दुसरीकडे बांधायला सांगितलं. मांडववाला मात्र हसला. "लई मांडव बांधलेत, ताई. ह्याला हत्ती बांधा, नाय हलणार." हळदीच्या आदल्या दिवशी नळाला पाणी येणारच होतं, टाकी आधी भरेल, प्रश्न मिटेल, असं मी ठरवून टाकलं. पण आमच्या शहरात नळ कुणाचं ऐकतो? तो दिवस कोरडा गेला.

हळदीला चिऊ पाटावर बसली आणि भर दुपारी कुठूनशी एक वावटळ आली. कापड फाडकन फुगलं, पुन्हा बसलं. बायका हसल्या. नणंद कापडाकडे नव्हे, स्टँडच्या पायाकडे बघत होती. तेवढ्यात खालून ह्यांची आरोळी आली, "पाणी आलं!" आणि मोटारीची घरघर सुरू झाली.

"वहिनी, चिऊला उठवा," एवढं म्हणून ती हळदीच्या हातांनी जिना उतरत सुटली. मी चिऊला दंडाला धरून ओढलं. खाली मोटार बंद झाली आणि सासूबाईंचा आवाज चढला.

"येडी झालीस का गं? पाणी चाललंय!"

"जाऊ दे."

"आणि पाहुण्यांनी आंघोळी कशानं करायच्या? हळदीनं?"

ती बटणाला पाठ लावून उभी राहिली. पाणी गेलं. पडलं काहीच नाही. पिवळी चिऊ मात्र आत्याशी दिवसभर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला. त्यानं स्टँडच्या एका पायाखाली तळहात सरकवला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढला. "हा पाय तर हवेतच हाय की, ताई. उभं कशावर व्हतं हे?"

स्टँड कापून नेलं. टाकी आता खाली अंगणात आहे. चिऊ माहेरी आली की सकाळी गच्चीवर ऊन खात बसते, नेमकी त्याच जागी. पहिलं ऊन तिथंच येतं. वर आभाळाशिवाय काही नाही. तरी माझी नणंद काम टाकून वर येते, जिन्याच्या दाराशी उभी राहते आणि चिऊ उठेपर्यंत तिथून हलत नाही. मी खालून तिला हाक मारत नाही.