मानेजवळचा डाग

जळकोटला हायवेवर जिथं बस थांबते, त्याच्या समोर माझं फ्रेमचं दुकान आहे आणि त्याला लागून महारुद्रचा फोटो स्टुडिओ. मधली भिंत एका विटेची. तिकडं तो शिंकला की इकडं माझी काच थरथरते, असं मी लोकांना सांगतो आणि ते फारसं खोटं नाही. कुणी मेलं की घरचे मोबाईलमधला फोटो घेऊन त्याच्याकडं येतात. तो फोटो मोठा करून कागदावर काढतो आणि मी त्याला फ्रेम घालतो. आसपासच्या गावांत भिंतीवर हार घातलेले जेवढे फोटो दिसतील, त्यातले निम्मे तरी आमच्या दोघांच्या हातचे असतील.

हे फोटो महारुद्र काळे-पांढरेच काढतो. गिऱ्हाईक रंगीत मागतं, हा ऐकत नाही. "रंगीत मांडवाखालचा फोटो हाय ह्यो. अर्धं तोंड लाल, अर्धं निळं. असला मानूस भिताडावर लावता व्हय? कॅलेंडर हाय का त्ये?" लोक गप्प बसतात. घरात माणूस गेल्यावर फोटोवाल्याशी भांडायला कुणाला त्राण असतं! पण मला त्याचं म्हणणं पटायचं. रंग काढून टाकला की आपली उन्हातली म्हातारी माणसं खरंच शोभून दिसतात.

काढायला मात्र ते सोपं नाही. प्रिंटरमध्ये चार शाया. त्या मिसळून राखाडी करायला गेलं की कधी हिरवट येतो, कधी जांभळट. स्क्रीनवर उजळ दिसणारा चेहरा कागदावर काळवंडून बाहेर पडतो. दुसऱ्या स्टुडिओवाल्यांचे फोटोही माझ्याकडं येतात, म्हणून सांगतो. एकेका फोटोत सख्ख्या जावयाला सासरा ओळखू येत नाही. महारुद्रचं तसं नव्हतं. स्क्रीनवर जसा, तसाच कागदावर. त्याचा त्याला भारी तोरा. "अण्णा, नजर लागती नजर," असं तो माझ्या दुकानात बसून, माझाच चहा पीत मला ऐकवायचा.

तो चहा पीत असायचा तेव्हा आत त्याची बायको महानंदा कॉम्प्युटरपुढं असायची. चेहरा साफ करायचं, डाग पुसायचं काम महारुद्रचं, प्रिंट काढायचं काम तिचं. कागद बाहेर आला की ती तो घेऊन दारात उन्हात यायची, बघायची, मग परत आत जाऊन पडद्यामागच्या अंधारात बघायची. आणि गिऱ्हाइकाला ठरलेला प्रश्न विचारायची, "फोटो कुठं लावनार?" कुणी म्हणायचं देवघराजवळ, कुणी म्हणायचं ओसरीला. महारुद्र हसायचा. म्हणायचा, हिला सगळ्यांच्या घरातलं लागतं.

सकाळी दोघांचं एक भांडण ठरलेलं होतं. स्टुडिओ उघडला की भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा, "परत मंद पडला! रातीत ह्या स्क्रीनला काय हुतंय कळंना." मग तो बटण दाबून स्क्रीन लख्ख करायचा. महानंदा फडकं झटकत म्हणायची, "वय झालं असंल त्याचं." चेहरा अगदी साधा. मला इकडं हसू आवरायचं नाही, पण ती नक्की कुणाच्या वयाबद्दल बोलतेय याचा मी कधी विचार केला नाही.

त्यांची मुलगी शुभांगी येडशीला दिली. तिचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवाळीनंतर महानंदाच्या डाव्या कानाखाली गाठ निघाली. सोलापूरला नेलं तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टरांनी विचारलं, गाठ कधीपासून आहे? महानंदा काही बोलायच्या आत महारुद्रच बोलला, "दिवाळीनंतरची हाय सायेब. त्याआधी नव्हती. म्या फोटोवाला हाय, माझ्या नजरंतनं सुटत न्हाय." डॉक्टर म्हणाले, गाठ बरीच जुनी वाटते. गाडीत बसल्यावर महारुद्र त्या डॉक्टरांवर उखडला होता. पुढं सगळे उपचार झाले. केस गेले, आवाज गेला, तरी प्रिंट काढायला ती बसायचीच. गुढीपाडव्याच्या आधी ती गेली.

तेराव्याला फोटो पाहिजे. दुसऱ्यांचे फोटो करण्यात जन्म गेलेला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या घरचा फोटो करायला बसला. फोटोवाल्याच्या बायकोचे फोटोच नव्हते, कॅमेरा दिसला की ती उठून जायची. शेवटी शुभांगीच्या लग्नातला एक सापडला. एरवी कानांवरून घट्ट ओढलेला पदर डोक्यावरून घसरलेला, मान वळवून ती कुणाकडं तरी बघून हसतेय. लग्नाचा अल्बम बाहेरून छापून आणलेला, त्यात हा फोटो नव्हता. कॉम्प्युटरमध्येच राहून गेला होता.

त्यानं रंग काढले, चेहरा नीट केला, प्रिंट दिली. कागद बाहेर आला तो काळवंडलेला. आणि कानाखाली, जबड्याला धरून, एक काळा डाग.

दुपारी तो मला बोलवायला आला. मी गेलो. स्क्रीनवर महानंदा लख्ख हसत होती, मान स्वच्छ. कागदावर डाग. त्यानं प्रिंटरचं हेड धुतलं होतं, शाई बदलली होती, चकचकीत कागद काढून साधा घातला होता. टेबलावर महानंदाच महानंदा पडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मानेला तो डाग होता. मला तिथं उभं राहवेना.

"सावलीत शाई साचाया लागलीय," तो म्हणाला. "दुसरं काय असनार?"

"मग तेवढा डाग पुसून टाक की. लोकांचे पुसतोस."

"काय पुसू अण्णा? स्क्रीनवर डागच न्हाय!" तो माझ्यावर ओरडला. मग खुर्चीत बसला. "आख्ख्या तालुक्याची मानसं निर्मळ काढली म्या. अन् हिलाच असं काळं करून लावू?"

शेवटी तसाच लावला. तेराव्याला पाटावर तो काळवंडलेला फोटो ठेवला होता. महानंदाची चुलती कमलबाई नमस्काराला वाकली, डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "ही कोन गं बाई?" म्हातारीला वाईट बोलायचं नव्हतं. पण महारुद्र उठून स्टुडिओत गेला तो जेवायलाही आला नाही. लोक काय, बुंदी वाढा म्हणत होते. मला त्या दिवशी साऱ्या पंगतीचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रेम परत न्यायला गेलो. म्हटलं, चांगला फोटो निघाला तर बदलून देऊ. शुभांगी येडशीला निघण्याआधी स्टुडिओ झाडत होती. महारुद्र माझ्या मागोमाग आत आला, त्यानं कॉम्प्युटरकडं बघितलं आणि जागेवर थांबला.

"मंद पडला," तो म्हणाला. ती गेल्यापासून स्क्रीन एकदाही मंद पडला नव्हता. मशीन आपोआप सुधारलं, असं त्यानंच मला सांगितलं होतं. आता त्याचा चेहरा असा झाला की महानंदा आतल्या खोलीतून बाहेर येईल असं मलाही क्षणभर वाटलं.

"आप्पा, म्या केला कमी," शुभांगी म्हणाली. "आई करायची तसा."

"आई?"

ती झाडू हातात धरून उभी राहिली. सांगू की नको, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आप्पा. आईला ठावं होतं. तुमी स्क्रीन लई उजेडाचा करता, त्यात सावल्या उडून जात्यात अन् फोटो कागदावर काळा येतो. तुमी चहाला गेल्यावर आई तो कमी करायची. मग फोटो पुन्हा उजळायची, ज्याच्या त्याच्या घरातला अंधार बघून. अन् मग प्रिंट काढायची. मला म्हनली हुती, आप्पांना बोलू नगंस. फोटोवाल्याची नजर गेली म्हनल्यावर लोक येत्याल का?"

मी महारुद्रकडं बघितलं नाही. वीस-बावीस वर्षं ओळखतो त्याला, पण त्या वेळी त्याच्याकडं बघणं बरं दिसलं नसतं.

तो हळूच खुर्चीत बसला. महानंदाचा फोटो उघडला. मंद स्क्रीनवर तो कागदासारखाच काळवंडलेला दिसला, आणि कानाखाली डाग होता. स्क्रीनवरही होता. महारुद्रनं तेवढाच भाग मोठा केला. तो शाईचा डाग नव्हताच. जबड्याखाली कातडी लिंबाएवढी वर आली होती आणि तिच्या खालच्या बाजूला सावली पडली होती.

शुभांगीनं तोंडावर हात दाबला. तिच्याच लग्नातला तो फोटो. म्हणजे डॉक्टरांना दाखवलं त्याच्या दीड वर्ष आधीचा.

"म्या सांगितलं त्यांला," महारुद्र म्हणाला. "दिवाळीनंतरची हाय म्हनून. तिला बोलूबी दिलं न्हाय म्या."

बाहेर हैदराबादकडं जाणारे ट्रक चालले होते. मग त्यानं डोळे पुसले आणि स्क्रीन तसाच मंद ठेवून काम सुरू केलं. चेहरा उजळला, केसांतली पांढरी बट वर आणली, हिरवट छटा काढली. प्रिंट दिली आणि कागद घेऊन तो दारात उन्हात गेला. मग आत पडद्यामागं गेला. अगदी ती जायची तसा.

फोटो फार चांगला निघाला होता. महानंदाच होती ती. आता मान फिरवून कुठं लावणार म्हणून विचारेल, अशी. आणि गाठही तिथं होती, स्वच्छ दिसत होती.

"आप्पा, तेवढी पुसा," शुभांगी रडत म्हणाली. त्यानं आजवर सगळ्यांचं पुसलं होतं. नाकातल्या नळ्यांचे वळ, फोड, सूज. मेलेल्या प्रत्येकाला त्यानं बरं करून घरी पाठवलं होतं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि कागद माझ्या हातात दिला. "कागद स्क्रीनशी जुळला, अण्णा. पयल्यांदा माझ्या हातानं जुळला. अन् आता बघवंना."

मी तिथंच मागचा पुठ्ठा सोडवला, काळा फोटो काढला, नवा घातला. काच पुसली. मग विचारलं, "कुठं लावायचा?"

"कॉम्प्युटरच्या वर," तो म्हणाला. "बघायचं तवा म्या बघितलं न्हाय."

मी स्टूल ओढून घेतलं आणि खिळा ठोकला.