टॉवेल टाकलेली जागा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात, मी डिझाइनच्या कॉम्प्युटरवर बसतो. काठाची नक्षी मागाला पाठवणारा प्रोग्राम माझा, रविवार मोडून लिहिलेला. मालकांनी त्याला कधी नावं ठेवली नव्हती.

मध्यंतरी कॉम्प्युटर रखडायला लागला आणि मालकांनी पुण्याहून एक तज्ज्ञ आणला. कडक इस्त्री, तोंडात वेलदोडा. त्याने चालू प्रोग्रामांची यादी उघडली, माझ्या प्रोग्रामसमोरच्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बारा जीबी. मेमरी हाच खातो. काढून टाका."

मशीनमध्ये मेमरी आहेच मुळी आठ जीबी. आठातून बारा खाणार कसे, एवढंही त्याच्या डोक्यात येऊ नये? मला शिसारी आली. मी सांगितलं, तो आकडा नुसत्या नावापुरत्या राखून ठेवलेल्या जागेचा, त्याने दुसऱ्या कुणाचं काही अडत नाही. खरी वापरलेली मेमरी शेजारच्या रकान्यात आहे आणि ती अर्धा जीबीसुद्धा नाही. त्याच यादीत खाली मालकांनीच उघडून ठेवलेला ब्राउझर मात्र खरेखुरे पाच जीबी अडवून बसला होता. तेही दाखवलं. तज्ज्ञाने घड्याळ पाहिलं.

मालकांना पटावं म्हणून मी बार्शीच्या एसटीचं उदाहरण दिलं. "मालक, खिडकीतून टॉवेल टाकून लोक जागा धरतात ना? तसं आहे हे. धरलीय, पण बसलंय कोण? रिकामीच आहे ती."

"व्हय की," मालक म्हणाले. "पण टॉवेल टाकला म्हणजे शीट गेलीच की ओ. तितं दुसरं कोण बसतंय?"

तज्ज्ञ खो खो हसला. मी आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. संध्याकाळच्या आत प्रोग्राम पुसला गेला. प्रत आहे माझ्याकडे. ती काय चाटायची? दुसऱ्या दिवशीही कॉम्प्युटर तसाच रखडत होता. "मोठं मशीन घ्या," तज्ज्ञाने फोनवर सांगितलं, आणि मालकांनी मान डोलावली. किळस आली मला त्या मानेची.

शनिवारी बार्शीच्या गाडीत चढलो. गच्च गर्दी, आणि मधल्या एका जागेवर टॉवेल. आमच्याच कारखान्याचा, काठाची नक्षी माझ्या प्रोग्राममधून गेलेली. गाडी सुटली, गाव मागे पडलं, टॉवेलवाला आलाच नाही. मी टॉवेल उचलायला हात पुढे केला.

"टॉवेल हाय की ओ तितं," शेजारी उभी असलेली बाई म्हणाली.

मी हात मागे घेतला. बार्शीपर्यंत ती, मी आणि आणखी कितीतरी लोक त्या रिकाम्या जागेभोवती उभे होतो. स्टँडवर गाडी मोकळी झाल्यावर कंडक्टरने तो टॉवेल उचलला, झटकला आणि घाम पुसत खाली उतरला.