गाणं संपल्यानंतरचा हनीफभाई

"बाई, तुमाले म्हैस म्हननारा गेला." आमच्या भजनी मंडळातल्या सुशीलाचा फोन होता. मी स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट करत होते, मिक्सर चालू होता, म्हणून पुन्हा विचारावं लागलं. तिनं तेच वाक्य आणखी मोठ्यानं सांगितलं. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती... मनातल्या मनात मला म्हैस म्हणणारे अकोल्यात कितीही असतील, पण भर सप्ताहात, देवळाच्या भोंग्यावरून, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणणारा एकच होता. अमरावतीच्या राजापेठेतला रेकॉर्डिंगवाला हनीफभाई. घशाच्या कॅन्सरनं गेला. मी फोन ठेवला, मिक्सर पुन्हा चालू केला आणि कुटाला पार तेल सुटेपर्यंत फिरवत राहिले.

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही. हनीफभाई दुष्ट होता. त्याचे वडील गाद्या भरायचे, त्यामुळे स्टुडिओच्या भिंतींना त्यानं घरच्याच जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. खाली ट्यूशन क्लास, बाहेर गाड्यांचे हॉर्न, आणि वर त्या खोलीत शिरलं की कापसाच्या वासात एकदम सामसूम. शाळेत गाणं शिकवत होते तेव्हापासून मी तिथं जायची. तो पेटी वेगळी रेकॉर्ड करी, तबला वेगळा, टाळ वेगळे, मागच्या बायकांचा कोरस वेगळा आणि माझा आवाज वेगळा. स्क्रीनवर एकाखाली एक पट्टे दिसत. मग त्यातला कोणता किती पुढं, कोणता किती मागं, हे ठरवत तो तंबाखू-सुपारीचा खर्रा प्लास्टिकच्या पन्नीत घोटत बसे आणि शेवटी सगळं एकत्र करून एकच फाईल काढी. "फायनल" म्हणायचा तो तिला. आमच्या बेसूर बारा तोंडांचं त्या फायनलमध्ये खरोखर एक भजन झालेलं असायचं, हे कबूल करावंच लागेल.

पण त्याआधी तो माणसाला सोलून काढायचा. एकदा कोरसच्या सगळ्या बायका बसलेल्या असताना त्यानं एकेक पट्टा बंद करायला सुरुवात केली. टाळ गेले, तबला गेला, पेटी गेली, तंबोराही गेला, आणि त्या खोलीत उरला माझा एकटीचा आवाज. ना मागं काही, ना खाली काही. धापा ऐकू येत होत्या, वरच्या सुराला जाताना झालेली ओढाताण ऐकू येत होती. "आयका बाई. हे तुमी हाये. बाकी समदी वाजवनाऱ्यायची मेहेरबानी." बायका पदरात हसल्या. मी म्हटलं, सूर सरळ करायची सोय असते ना तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये, मग करा की. तर म्हणाला, "करतो. मंग गायिका म्हनून कॉम्प्युटरचं नाव टाकतो." परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईस्तोवर मी खिडकीकडं तोंड करून रडले. संतापानं रडले, दुःखानं नाही.

मग तिथंच जाता कावून, असं सुशीला विचारायची. अकोल्यात काय स्टुडिओ नव्हते? होते. तिथला पोरगा प्रत्येक कडव्याला "वा मॅडम" म्हणायचा आणि आवाजाला असा घुमारा लावून द्यायचा, की माझ्या मावशीनंही गायलं असतं तरी तेच वाटलं असतं. त्या वाहवांचा मला वीट आला होता. जो कुणालाच चांगलं म्हणत नाही त्याच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "बाई, बरं गायल्या" ऐकायचं होतं. त्यासाठी मी वर्षानुवर्षं एसटीचे धक्के खाल्ले. दुसरं काही कारण नव्हतं.

त्याची आणखी एक रीत होती. फायनल निघाली, पार्टीनं मान हलवली, की तो वेगवेगळे पट्टे तिथल्या तिथं पुसून टाकायचा. भजनी मंडळांचा त्याला फार जुना अनुभव होता. आज गळ्यात गळे घालून गातात आणि पुढच्या महिन्यात भांडून येतात, त्याचा आवाज काढा, माझा वाढवा. परतवाड्याचे एक गृहस्थ माझ्यासमोरच आले होते. मंडळातून काढलेल्या मृदंगवाल्याला त्यांना भजनातूनही काढायचं होतं. हनीफभाई म्हणाला, "सुटं काहीच ठेवत नाही मी. आता ते पोट्टं तुमच्यासंगच वाजवन, मरेपर्यंत." ते गृहस्थ तोंडात मारल्यासारखे जिना उतरून गेले. तेव्हा मीही हसले होते.

त्याच्या टेबलावर एक छोटा माईक असे, काचेपलीकडं उभ्या असलेल्या गायकाशी बोलायला. टेक कितवा, कुठून उचलायचं, हे तो त्यावर सांगायचा, आणि तेही एका वेगळ्या पट्ट्यावर आपोआप रेकॉर्ड होई. फायनल काढताना तो पट्टा बंद करायचा, म्हणजे त्याचा आवाज गाण्यात येत नसे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भजन मी गायले त्या दिवशी मात्र तो पट्टा बंद करायला विसरला. सुरुवातीचं बोलणं त्यानं नीट कापलं. शेवट कापला नाही, कारण तंबोऱ्याची आस पूर्ण विरू द्यायची त्याला फार हौस. पेन ड्राइव्ह सरळ आमच्या कॉलनीच्या देवळात गेला. सप्ताहात भोंग्यावर भजन लागलं, संपलं, तंबोरा विरत विरत गेला, लोकांनी हात जोडले... आणि वरून हनीफभाईचा खणखणीत आवाज आला, "झालं एकदाचं. म्हैस गोठ्यात बांधा कोनी."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं राजापेठ गाठली. त्यानं ऐकून घेतलं. माफी मागितली, पण कशाची? "माईकचा पट्टा चालू राह्यला, हे माह्यं चुकलं बाई. एवढ्या वर्षांत असं नाही झालं. द्या, शेवट कापून देतो." मी म्हटलं, राहू द्या, पुरावा आहे तो. मग न राहवून विचारलं, "ते जाऊ द्या. भजन कसं झालं होतं?" त्यानं खर्ऱ्याची पन्नी तळहातावर घोटली. बराच वेळ घोटली. म्हणाला, "तबला चांगला आला." मी तो पेन ड्राइव्ह शिलाई मशीनच्या खणात टाकला. कधीतरी तोंडावर फेकून मारायचा म्हणून जपून ठेवला.

पुढं त्याचा घसा बसला, मग नागपूरला ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढून टाकलं. त्यानं सोललेले गायक अमरावतीपासून मोझरीपर्यंत पसरलेले, सगळे एकच बोलले, देवानं बरोबर जागेवर धरलं. माझ्याही मनात तेच आलं, खोटं कशाला सांगू? शेवटचं भेटायला गेले तेव्हा गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी, अंगावर मांस नाही. बोलायचं ते मोबाइलवर टाइप करून दाखवायचा. मी एक नवं गाणं नेलं होतं. त्यानं उठून हेडफोन लावला, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, आता म्हणेल. मरणाच्या दारात तरी माणूस म्हणेलच ना... त्यानं सावकाश टाइप केलं आणि मोबाइल माझ्याकडं फिरवला. "तबला कोनाचा?"

चाळिसावा झाल्यावर मी शमीमभाभींना, त्याच्या बायकोला, भेटायला गेले. त्या स्टुडिओतच बसल्या होत्या, खाली सतरंजीवर. चहा झाला. मग कपाकडं बघत म्हणाल्या, "ताई, तुमच्यापाशी त्यायचा आवाज हाये म्हनते लोकं." मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. घरात त्याचा आवाज कुठंच नव्हता. मोबाइलच्या माईकची त्याला चीड, व्हिडिओ काढू देत नसे, काढला तर पुसायला लावी. मुलीच्या लग्नाच्या फिल्ममधली सगळी बोलणी त्यानं स्वतःच काढून तिथं शहनाई टाकली होती. आणि स्टुडिओतले पट्टे तर त्याच्या रीतीनं सगळे पुसलेले. भाभींनी जावयाकडून कॉम्प्युटर सगळा धुंडाळला. हजार लोकांचे आवाज निघाले, नवऱ्याचा नाही. "ऑपरेशनच्या आंधीचा आवाज मी इसरून राहिली ताई. आठवाले गेली का भलताच येते."

पुढच्या खेपेस पेन ड्राइव्ह नेला. खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर भजन लागलं. मी जरा सावरून बसले, कारण भजन खरंच चांगलं झालं होतं, इतक्या वर्षांनीही झालं होतं. दुसरं कडवं सुरू झालं आणि भाभी म्हणाल्या, "लय लंबं हाये काय हे?" मी पुढं ढकललं. तंबोरा विरला आणि तो बोलला. भाभींनी तोंडावर हात ठेवला. "अजून एकडाव लावा." लावलं. अजून एकदा. मग अजून. दर वेळी म्हैस, दर वेळी गोठा, आणि भाभी रडत होत्या आणि रडता रडता मान हलवत होत्या, हो हो, हाच, असाच. शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, "माह्या मोबाइलमदी तेवढंच टाकून द्या ताई. गानं नोको."

गाणं नको. बरं. मी त्याच्या स्टुलावर बसले. त्याला करताना इतकी वर्षं पाहिलं होतं, जमलं. स्क्रीनवर माझं भजन जाडजूड पसरलेलं, मग रेघ बारीक होत जाते, मग सपाट, आणि अगदी शेवटी एक उंचवटा. तो हनीफभाई. त्या उंचवट्याआधीची सपाट जागा मी पाहत बसले. भाभी चहाची भांडी घेऊन आत गेल्या तेव्हा हेडफोन लावला आणि आवाज होता तेवढा पूर्ण वाढवला. माझं गाणं संपल्यावर, म्हैस म्हणायच्या आधी, तो काहीतरी पुटपुटला असेल... एक "वा", एक "बरं", निदान एक निःश्वास. पुन्हा ऐकलं. कानठळ्या बसेपर्यंत ऐकलं. खर्ऱ्याची पन्नी घोटल्याचा आवाज आहे. बाकी काही नाही.

सुरुवातीची खूण मी पन्नीच्या आवाजाआधी ठेवली, शेवटची "कोनी"नंतर. माझं अख्खं भजन बाहेर राहिलं. फायनल काढली आणि भाभींच्या मोबाइलवर टाकली. आता त्या रोज दुपारी, भांडी झाल्यावर, ते ऐकतात आणि कधीमधी मला फोन करतात. आजही आला होता. "ताई, आज तं पन्नीचा आवाज बी आयकू आला. किती साफ हाये." मी म्हटलं, हो भाभी, रेकॉर्डिंग चांगलंच करायचे ते. भजन कसं झालं होतं, हे त्यांनीही अजून सांगितलेलं नाही.