वक्र्याचं घर कुणाचं?

दुपारची नमाज आटोपून नवरा नुकताच जेवायला बसला होता, तेव्हा नगरपालिकेचा माणूस आखातातल्या आमच्या थुमामा भागातल्या घराच्या दारात आला. नवऱ्याचं नाव घेऊन त्यानं हिंदीत विचारलं, "वक्र्यातलं घर तुमचंच ना? त्याची भिंत पडलीय. उद्या ऑफिसात या."

मला आधी हसू आलं. आमच्यासारख्यांच्या नावावर त्या देशात वीतभर जमीन होत नव्हती. वक्र्यात आम्ही नव्वदीच्या अखेरीस भाड्यानं राहत होतो. मालक, एक म्हातारे अरब गृहस्थ, वारले. मुलांनी, घर पाडून नवं बांधायचंय म्हणून आम्हाला निघायला सांगितलं. आम्ही निघालो. त्यांनी ना पाडलं, ना बांधलं. वीजजोडणी मात्र नवऱ्याच्या नावावर राहिली, कारण ती बंद करायला मालकाची सही लागत होती आणि मुलगे दर वेळी "बुकरा, इन्शाल्ला" म्हणत होते. उद्या, म्हणे!

त्या रिकाम्या घरात कुत्री शिरली, लोकांनी कचरा टाकला, भिंत गल्लीवर झुकली. आमच्या जुन्या शेजारणीनं, एका सुदानी बाईनं, कितीदा तक्रार केली. तिला प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं: मालकाचं नाव आणा. शेवटी ती भिंत तिच्याच अंगावर पडली आणि तिचा हात मोडला. तेव्हा कुठे ऑफिसनं शोधाशोध केली, आणि वीजजोडणीवर सापडलं कुणाचं नाव? आमचं.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याबरोबर गेले. टेबलापलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "त्या घराशी एवढंच नाव जोडलेलं आहे."

"ते भाडेकरूचं नाव आहे," मी म्हटलं. "मालक कोण, ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"मालक वारला. वारसांनी नाव लावलेलं नाही."

"मग त्यांना बोलवा!"

"कुणाला बोलवू? नोंदच नाही."

नवरा माझी बाही ओढत कुजबुजला, "तू गप ऱ्हव गो." तो त्यांच्यासमोर कधी आवाज चढवत नसे. माझा मात्र जीव जळत होता. ज्यांचं घर ते मोकळे, आणि ज्यानं कुलूप लावून किल्ली परत केली तो गुन्हेगार!

खरी आग पुढे लागली. नवऱ्याच्या बहिणीचा निकाह ठरला होता. सासरे हयात नव्हते, वली, म्हणजे वधूचा पालक म्हणून यालाच उभं राहायचं होतं. पण देशाबाहेर जायला नवऱ्याच्या कंपनीची सही लागायची, आणि प्रकरण मिटेपर्यंत त्या कागदावर सही करणार नाही, असं कंपनीनं सांगितलं. रत्नागिरीला फोन करून तो एवढंच बोलला, "माझी वाट बघू नका." 

मग मी त्या सुदानी शेजारणीला गाठलं. मोडलेला हात गळ्यात, तरी ती माझ्याबरोबर निघाली. मालकाची थोरली मुलगी कुठे राहते ते तिला माहीत होतं. पुरुषांना त्या घरात शिरता आलं नसतं. आम्ही दोघी थेट बायकांच्या बैठकीत जाऊन बसलो. मी हिंदीत बोलायची, शेजारीण ते अरबीत सांगायची; आमच्या शेजारात राहून तिला हिंदी कळू लागली होती.

मालकाच्या मुलीनं विचारलं, "बाबांचं घर? भावांनी तर ते कधीच पाडलं म्हणून सांगितलं होतं मला."

शेजारणीनं आपला हात पुढे केला.

"यल्ला, चला," म्हणत बाई उठली. ड्रायव्हरला गाडी काढायला लावून आम्हाला घेऊन ती वक्र्याला आली. विटांच्या ढिगापुढे उभी राहून तिनं तिथूनच धाकट्या भावाला फोन लावला. अरबी मला फारशी कळत नसे, पण ती काय बोलतेय ते कळायला भाषेची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात भाऊ ऑफिसात गेले आणि सगळ्या वारसांची नावं त्या घराला लागली. इतकं सोपं होतं! एक चक्कर मारायची, सही करायची. ते काम ह्यांनी वर्षानुवर्षं टाळलं, आणि ऑफिसनंही कधी त्यांचं दार ठोठावलं नाही. घराला पत्र्याचं कुंपण लागलं, शेजारणीच्या इलाजाचं भावांनी बघितलं.

आम्हाला परत बोलावलं. तोच माणूस म्हणाला, "खलास. नाव काढलंय. जा."

नवरा उठला. मी उठले नाही. "ह्यांच्या बहिणीचा निकाह काल झाला," मी म्हटलं. "वलीच्या जागी दुसरं कुणीतरी उभं राहिलं. हे तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगतेय."

त्यानं मान खाली घातली, चहा मागवतो म्हणाला. आम्ही चहा घेतला नाही.

महिन्याभरानं गावाहून निकाहाची व्हिडिओ कॅसेट आली. आमची मुलं टीव्हीपुढे जमिनीवर बसून "हू इज धिस, हू इज दॅट?" विचारत होती आणि नवरा प्रत्येकाची ओळख करून देत होता. वलीच्या जागी त्याचे चुलते उभे राहिलेले दिसले. धाकट्यानं विचारलं, "व्हाय नॉट यू, अब्बा?"

नवरा म्हणाला, "काम होतं रे."

काम! मी रिमोट उचलून टीव्ही बंद केला आणि मुलांना समोर बसवून सगळं खरं काय ते सांगितलं.